प्रकाशतंतूंच्या जोडणीतील सूक्ष्मकाम

शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात भीमेच्या खोऱ्यात मांडवगण फराटा हे गाव आहे. भोवताली उसाचे मळे, नदीपलीकडे दौंड तालुका. अशा एखाद्या गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात आता भिंतीवर एक लहानशी पेटी दिसते. तीतून पिवळ्या रंगाची, दाभणाइतक्या जाडीची एक दोरी निघते आणि हिरव्या किंवा निळ्या टोकाने शेजारच्या यंत्रात शिरते. संगणक चालतो, दाखले निघतात, तोवर त्या टोकाकडे कोणी पाहत नाही. एखाद्या सकाळी यंत्रावरचा दिवा तांबडा होतो आणि मग ‘केबल तुटली असावी’ असा निष्कर्ष निघतो. केबल खरोखर तुटलेली असतेही; रस्त्याच्या रुंदीकरणात आणि जलवाहिनीच्या खोदाईत ती पुष्कळदा तुटते. परंतु कित्येकदा केबल शाबूत असते आणि दोष असतो तो या बोटभर लांबीच्या टोकात. हे टोक कसे घडते, त्यात एवढे नाजूक काय आहे, आणि ज्या कार्यालयात ते येऊन पोहोचते तेथील मंडळींनी त्याच्याविषयी काय जाणून घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. राज्यातील पुढच्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. या योजनांची चर्चा होते ती किलोमीटरांत. किती किलोमीटर केबल पुरली, किती गावे जोडली, हे आकडे सर्वांच्या डोळ्यांत भरतात. टोके मात्र ‘इतर साहित्य’ या सदराखाली जातात. प्रस्तुत लेखकास ही वाटणी योग्य वाटत नाही. केबल एकदा पुरली की ती जमिनीखाली निश्चिंत असते. टोकाला मात्र रोज धूळ, उष्मा आणि माणसाचा हात सोसावा लागतो.

पुण्याची पहिली तार

प्रकाशतंतू ही पुणे जिल्ह्याला नवलाची वस्तू नाही. दूरध्वनी केंद्रांना परस्परांशी जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून संदेश दूरवर पाठविता येतील, असे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवून दिले होते. त्यापूर्वी १९५४ मध्ये पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेले होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच करून दाखविली. तेथपासून पुण्यातील यंत्रणेपर्यंत अवघी नऊ वर्षे लोटली. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे पुढे प्रकाशतंतूंचे उत्पादनही सुरू झाले.

त्या पहिल्या काळात सर्वत्र वापरात असलेल्या तंतूंचा गाभा साधारणपणे ५० मायक्रॉन रुंदीचा असे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाभा म्हणजे तंतूच्या मधोमध असलेला काचेचा तो भाग, ज्यातून प्रकाश वाहतो. त्याच्या भोवती दुसऱ्या जातीच्या काचेचे आवरण असते. या दोहोंच्या सीमेवर प्रकाश परत आत वळविला जातो आणि म्हणून तो बाहेर पडत नाही. दूरच्या मार्गांसाठी पुढे ज्या तंतूंचा प्रसार झाला व जे आज ग्रामपंचायतीपर्यंत येतात, त्यांचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनच असतो. आवरणासह संपूर्ण काचतंतूची जाडी १२५ मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस सर्वसाधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे कामाची कल्पना येईल. गाभा पाचपटीहून अधिक बारीक झाल्याने तारेची क्षमता अफाट वाढली, आणि जोडणीचे काम त्याच मानाने अवघड झाले.

नऊ फुटांची विहीर

तांब्याच्या दोन तारा जोडावयाच्या असल्या तर त्या पिळून एकमेकींना टेकविल्या की विद्युत्प्रवाह मार्ग शोधून घेतो. प्रकाशाचे तसे नाही. तो समोर जातो. समोरच्या तंतूचा गाभा जेथे असेल तेथे तो असला पाहिजे. नसेल तर प्रकाश आवरणात शिरून नाहीसा होतो.

एक मायक्रॉनला एक फूट मानू. या मोजमापाने गाभा म्हणजे नऊ फूट रुंदीची विहीर. एका विहिरीच्या तोंडावर दुसऱ्या विहिरीचे तोंड उपडे ठेवावयाचे आहे. दोहोंचे मध्य एक फुटाने चुकले तर जवळजवळ ५ टक्के प्रकाश वाया जातो. दोन फुटांनी चुकले तर १७ टक्के, आणि तीन फुटांनी चुकले तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. चूक दुप्पट झाली की डेसिबलमध्ये मोजलेली हानी चौपट होते, हा यातला गणिती नियम आहे. डेसिबल हे प्रकाशाची घट मोजण्याचे एकक होय. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा उरला, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, २० म्हणजे शंभरावा. एका मायक्रॉनच्या चुकीने होणारी हानी सुमारे ०.२ डेसिबल भरते. दोन्ही तंतूंच्या दिशेत एका अंशाचा कोन राहिला तर त्याने आणखी सुमारे ०.३ डेसिबल जातात. दोन टोकांत हवेची फट राहिली तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण साडेतीन टक्के प्रकाश उलट दिशेने परततो. तो नुसता वाया जात नाही, तर जेथून निघाला त्या प्रकाशस्रोताच्या कामात व्यत्यय आणतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ज्यांनी मायक्रोमीटर हाताळला असेल त्यांना स्मरेल की, त्याच्यावरील सर्वांत लहान भाग ०.०१ मिलिमीटरचा, म्हणजे दहा मायक्रॉनांचा असतो. कार्यशाळेत ज्याला अचूक म्हणून गौरविले जाते त्या मापाचा एक भाग या गाभ्याच्या संपूर्ण रुंदीहून मोठा आहे. येथे मध्य राखावयाचा तो त्याच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत.

फेरूल

हे साधते ते एका बारीक पांढऱ्या नळकांड्यामुळे. त्याला फेरूल म्हणतात. हा शब्द पंचायत सदस्यांना नळजोडणीच्या कामातून परिचित आहे. मुख्य जलवाहिनीवर जोडणी घेताना बसवितात तीही फेरूलच. मूळ अर्थ टोकावर बसविलेली कडी किंवा टोपी, आपल्या मुसळाच्या वसवीसारखी. प्रकाशतंतूचा फेरूल हा चिनीमातीच्या जातीच्या पण तिच्याहून कितीतरी चिवट अशा पदार्थाचा असतो. त्याची बाहेरची जाडी अडीच मिलिमीटर, लांबी साधारण साडेदहा मिलिमीटर, आणि आरपार मधोमध तंतू जेमतेम शिरेल एवढे भोक. अलीकडच्या लहान जोडण्यांत बाहेरची जाडी सव्वा मिलिमीटर असते. तंतू भोकात चिकटवितात. असे दोन फेरूल समोरासमोरून एका चिरा असलेल्या बाहीत सरकवितात. बाही किंचित तंग असते. ती दोहोंना सर्व बाजूंनी सारखे आवळते आणि एका रेषेत आणते.

आता विहिरीचे माप पुन्हा घेऊ. विहिरीची रुंदी नऊ फूट, तिच्याभोवती काचेची १२५ फूट रुंदीची भिंत, आणि तिच्याभोवती फेरूलचे अडीच हजार फूट, म्हणजे पाऊण किलोमीटर रुंदीचे माळरान. विहिरीची खोली तीन किलोमीटरांहून अधिक. बाही पकडते ती माळरानाच्या बाहेरच्या कडेला. तिला विहीर दिसत नाही. पाऊण किलोमीटर रुंदीच्या माळाचा परीघ पकडून त्याच्या मध्यावरील नऊ फुटी विहीर दुसऱ्या विहिरीशी अर्ध्या-एक फुटाच्या आत जुळवावयाची, असा हा प्रकार आहे. यासाठी माळ पूर्ण वर्तुळाकार हवा, त्याचा व्यास अर्ध्या फुटापलीकडे चुकता कामा नये आणि विहीर अगदी मध्यावर हवी. बैलगाडीच्या चाकात तुंब्याचे भोक मध्यापासून सरकले की धाव कितीही गोल असली तरी चाक लंगडते, येथेही तेच.

पदार्थाची निवड सहज झाली नाही. १९७० च्या दशकात काही जोडण्यांत घड्याळातील खड्यांप्रमाणे बारीक भोक पाडलेले खडे वापरले गेले. पोलादी फेरूल झाले, पितळी झाले, प्लॅस्टिकचे झाले. धातू घासताना ओरखडतो आणि वारंवार काढघाल केल्याने झिजतो. पुढे अॅल्युमिना आले. ते अतिशय कठीण, इतके की टोक घासताना काच झिजे आणि फेरूल तसाच राही. शेवटी जपानी तंत्रज्ञांच्या हाती झिर्कोनिया हा पदार्थ स्थिरावला. त्याची घासली जाण्याची चाल काचेच्या चालीस बरीच जवळची असते, तो सहजासहजी टवकत नाही, आणि पुष्कळदा काढघाल करूनही त्याची जाडी बदलत नाही. त्यात इट्रियम या धातूचे ऑक्साइड थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. त्यामुळे एखादी भेग पडू लागली तर तिच्या टोकाशी असलेले कण किंचित फुगतात आणि भेग आवळून धरतात. मातीच्या भांड्यास हा गुण असता तर कुंभारवाड्यातील कितीतरी भांडी वाचली असती!

उन्हाळ्यात पेटी तापते आणि हिवाळ्यात पहाटे गार पडते, तेव्हा हे सूक्ष्म माप टिकते कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तीस अंशांच्या फरकाने झिर्कोनियाचे अडीच मिलिमीटर सुमारे पाऊण मायक्रॉनने वाढतात. परंतु दोन्ही फेरूल सारखेच वाढतात, आणि बाहीही त्याच पदार्थाची केली तर तीही त्यांच्याबरोबर वाढते. मध्य जागीच राहतो.

आधी भोक, मग बाहेरचा आकार

फेरूल घडविण्याची रीत मुद्दाम विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण सर्व अचूकतेचे मर्म तिच्या क्रमात आहे.

झिर्कोनियाची अतिसूक्ष्म पूड मेणासारख्या बांधणीद्रव्यात मळून साच्यात दाबतात. साच्यात मधोमध ताणलेली बारीक सळई असते. तिच्या जागी भोक उरते. कच्चा नग प्रथम मंद तापवून त्यातील बांधणीद्रव्य घालवितात. मग भट्टीत सुमारे १४०० अंश सेल्सिअसला तो भाजला जातो. भाजताना नग प्रत्येक दिशेने साधारण पाचव्या हिश्श्याने आक्रसतो. वीटभट्टीवर कच्ची वीट आणि पक्की वीट यांच्या मापात फरक पडतो हे आपण जाणतो; येथे तो फरक आधीच हिशेबात धरून साचा मोठा करावा लागतो. तरीही भट्टीतून निघालेला नग अंतिम मापाचा नसतो. तो थोडा वाकडा असतो, त्याचे भोक थोडे लहान असते, आणि भोक मध्यावर असेलच असे नाही.

येथे अनुभवहीन कारागीर बाहेरून सुरुवात करील. नग गोल करील आणि मग मध्यावर भोक साफ करू पाहील. तसे केल्यास भोक जिकडे मूळचे झुकलेले असेल तिकडेच जाईल. म्हणून क्रम उलट असतो. प्रथम भोक पुरे करतात. एका टोकास निमुळत्या होत जाणाऱ्या तारेत शेकडो नग मण्यांसारखे ओवले जातात, तारेला हिऱ्याच्या पुडीचा लेप देतात, आणि नग फिरवीत तार मागेपुढे ओढतात. भोक हळूहळू, मायक्रॉनच्या अंशाअंशाने रुंद आणि गुळगुळीत होते. पुरे झालेले भोक १२५ मायक्रॉनांहून किंचित मोठे असते, बहुधा अर्ध्या ते एका मायक्रॉनने. याहून तंग असेल तर तंतू शिरत नाही. सैल असेल तर तंतू आत एका बाजूला कलतो आणि डिंक सर्व बाजूंनी सारखा बसत नाही.

भोक सिद्ध झाल्यावर त्या भोकालाच आस मानून बाहेरचा आकार घडवितात. भोकाच्या दोन्ही तोंडांना आधार देऊन नग फिरवितात आणि हिऱ्याच्या शाणेवर त्याची बाहेरची बाजू घासतात. त्यामुळे बाहेरचे वर्तुळ आपोआप भोकाच्या मध्याभोवतीच तयार होते. अंतिम जाडी २.४९९ मिलिमीटर, आणि फरक अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. भोकाचा मध्य व बाहेरचा मध्य यांतील अंतर एका मायक्रॉनच्या आत ठेवले जाते. उत्तम प्रतीच्या नगात ते त्याहूनही बरेच कमी असते. मागील तोंडाशी भोकाला नरसाळ्यासारखा उतार देतात, म्हणजे तंतू सरकविताना तो अडखळून मोडत नाही. पुढील कडेला लहानसा उतार असतो तो बाहीत सुलभतेने शिरण्यासाठी. नंतर प्रत्येक नगाचे भोक ठरावीक मापाच्या सुया घालून तपासले जाते आणि नगांची मापांप्रमाणे प्रतवारी होते. जेथे अधिक काटेकोरपणा हवा तेथे तंतूचा मध्य कोणत्या बाजूस किंचित सरकलेला आहे ते पाहून फेरूल बाहेरच्या कवचात वळवून बसवितात; दोन्ही टोके एकाच बाजूस सरकलेली असली म्हणजे परस्परांशी जुळतात. हा उपाय मोठा चतुर आहे. चूक नाहीशी करता येत नाही तेव्हा ती दोन्हीकडे सारखी करावयाची.

कठीण पदार्थाला आरपार भोक पाडणे आणि त्या भोकाभोवती बाहेरचा आकार राखणे, ही विद्या या तालुक्याला नवी नाही, असे म्हटल्यास आश्चर्य वाटेल. याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातील, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत उजेडात आणली. कुंभार, सोनार यांच्याबरोबर मणी घडविणाऱ्या कारागिराचे घरही वस्तीच्या पश्चिम भागात असल्याचे उत्खननकर्त्यांनी दाखविले आहे. मण्याचे भोक वाकडे गेले तर माळ नीट बसत नाही, एवढीच त्या कारागिराची अडचण होती. त्याला मायक्रॉन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु कठीण खड्यात भोक पाडण्याची चिकाटी त्याच्यापाशी होती, आणि आजही या कामात मुख्य भांडवल तेच आहे. याच तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जी मुले लेथ व ग्राइंडरवर काम करतात, त्यांना वरील क्रम समजावून सांगण्यास वेळ लागणार नाही.

फेरूलांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन प्रथम जपानात वाढले आणि पुढे चीनमध्ये पसरले. झिर्कोनियाचे मूळ खनिज जे झिरकॉन, ते आपल्याकडे केरळात चवरा येथील व ओडिशात छत्रपूर येथील किनाऱ्याच्या वाळूतून निघते. वाळू आपली असली तरी त्या वाळूपासून फेरूलच्या दर्जाची पूड करणे आणि त्या पुडीला अर्ध्या मायक्रॉनच्या मापात घडविणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि खरी किंमत त्या पायऱ्यांची आहे.

टोकाची घडण

फेरूलमध्ये तंतू चिकटविल्यावर टोक घासण्याचे काम उरते. टोक सपाट घासले तर दोन सपाट पृष्ठभागांच्या मध्ये कोठेतरी हवा राहतेच. म्हणून टोक किंचित घुमटाकार करतात. त्या घुमटाची त्रिज्या १० ते २५ मिलिमीटर असते, म्हणजे डोळ्यांना तो सपाटच भासतो. घुमटाचा माथा आणि तंतूचा मध्य यांत ५० मायक्रॉनांहून अधिक अंतर असू नये, असा दंडक आहे. जोडणीच्या आत असलेली स्प्रिंग सुमारे एक किलोच्या भाराने फेरूल पुढे रेटते. दोन घुमट एकमेकांवर दाबले जाऊन मध्यावर किंचित चेपतात आणि काचेला काच प्रत्यक्ष भिडते. फट नाहीशी झाली की परतणारा प्रकाशही जवळजवळ नाहीसा होतो.

घासण्यासाठी हिऱ्याचे कण बसविलेल्या पट्ट्या वापरतात. आधी जाड कणांची, मग तीन मायक्रॉनांची, मग एक मायक्रॉनाची, आणि शेवटी वालुकेच्या अतिसूक्ष्म कणांची. पट्टी रबराच्या मऊ गादीवर ठेवली म्हणजे घुमट आपोआप साधतो. काच फेरूलच्या पृष्ठभागापासून फार आत गेली किंवा फार वर राहिली तर चालत नाही. यासाठी मर्यादा साधारणपणे मायक्रॉनच्या विसाव्या भागाच्या आसपास असते आणि ती प्रकाशलहरींच्या पट्ट्यांवरूनच मोजता येते.

निळ्या टोकाची जोडणी अशी सरळ घुमटाची असते. हिरव्या टोकाच्या जोडणीत घुमट आठ अंशांनी तिरपा घासलेला असतो. त्यामुळे जो थोडा प्रकाश परततो तो तिरपा जाऊन आवरणात विरतो आणि मूळ मार्गाने मागे येत नाही. हिरवे व निळे टोक बाहेरून एकमेकांत बसू शकते, आणि येथेच घात होतो. तिरप्या टोकाला सरळ टोक भिडविले तर मध्ये पाचरीसारखी फट राहते, पुष्कळ प्रकाश वाया जातो, आणि दाबाने काचेचा पृष्ठभागही दुखावतो. रंग हा येथे शोभेसाठी नाही. हिरव्याला हिरवे व निळ्याला निळे, एवढे तरी कार्यालयातील प्रत्येकास ठाऊक असावे.

हिशेब

ग्रामपंचायतीपर्यंत येणाऱ्या मार्गाचा जमाखर्च मांडून पाहू. या प्रकारच्या यंत्रणेत केंद्रापासून कार्यालयातील यंत्रापर्यंत सर्वसाधारणपणे २८ डेसिबल घट चालते असे धरतात. समजा, केंद्र १५ किलोमीटरांवर आहे. तंतूत दर किलोमीटरला ०.३५ डेसिबल, म्हणजे एकूण सव्वापाच. एक तार सोळा ठिकाणी वाटणारा विभाजक सुमारे १४ घेतो. वितळवून केलेले आठ सांधे प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.८. सहा जोडण्या प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.८. बेरीज झाली २२ च्या जवळ. शिल्लक सहा. त्यापैकी तीन डेसिबल कुशल अभियंता यंत्राच्या व केबलच्या वयोमानासाठी राखून ठेवतो. उरले तीन.

सर्व सहा जोडण्या चांगल्या असतील तर हे तीन डेसिबल वर्षानुवर्षे पुरतात. परंतु एका जोडणीवर धूळ बसली आणि तिने ०.३ ऐवजी ३ डेसिबल घेतले तर शिल्लक जवळजवळ संपते. मग पावसाळ्यात एखाद्या सांध्याने थोडेसे अधिक घेतले की यंत्र बंद पडते, पुन्हा चालते, पुन्हा बंद पडते. अशा वेळी तक्रार नोंदविली जाते, तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र चालू झालेले असते, आणि दोष सापडत नाही. शाळेतील शिक्षक व पंचायतीतील परिचालक यांना याचा अनुभव पुष्कळ ठिकाणी आला असेल.

कार्यालयाच्या खोलीत

कारखान्यात अर्ध्या मायक्रॉनसाठी एवढा खटाटोप करून घडविलेले टोक कार्यालयाच्या खोलीत उघडे ठेवले तर तो सारा व्यर्थ जातो. गळीत हंगामात हवेत उडणारी चिपाडाची राख, शाळेतील खडूची भुकटी, बोटाचा तेलकटपणा, यांचे कण काही मायक्रॉनांचे असतात. म्हणजे एकच कण गाभ्याचा बराच भाग झाकू शकतो. शिवाय दोन टोके दाबली जात असल्याने कण काचेत रुतून कायमचा खड्डा पाडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार टोकाच्या मध्यभागी २५ मायक्रॉन व्यासाच्या वर्तुळात कण वा डाग असता कामा नये. म्हणून जोडणी काढली की टोकावर लगेच टोपी बसवावी, आणि ती टोपीही खिशात किंवा टेबलावर पडलेली नसावी. टोक पुसावयाचे ते धागे न सुटणाऱ्या खास कापडाने व शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, तोंडाने फुंकर घालू नये; फुंकरीबरोबर बाष्प जाते. पुसल्यावर सूक्ष्मदर्शकाने पाहणे उत्तम, मात्र ते पडद्यावर चित्र दाखविणारे असावे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जोडलेल्या तारेचे टोक डोळ्यांसमोर धरून ‘प्रकाश येतो का’ हे कोणीही पाहू नये. या तारांतील प्रकाश १३१० ते १५५० नॅनोमीटरचा असतो व तो डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. विद्यार्थ्यांना दाखवावयाचे असेल तर कोणत्याही यंत्राला न जोडलेला तंतूचा तुकडा घेऊन एका टोकाशी विजेरी धरावी. दुसऱ्या टोकाशी उजेडाचा टिपका दिसतो, आणि तेवढ्याने आठवी-नववीच्या वर्गास पूर्ण आंतरिक परावर्तनाचा पाठ चांगला समजतो.

टोक तुटले तर नवीन कसे बसवावे, हा प्रश्न वारंवार येतो. जागेवरच तंतू कापून दाबून बसविण्याच्या जोडण्या मिळतात. त्या झटपट बसतात हे खरे. परंतु त्यांचे यश तंतू काटकोनात कापला गेला की नाही यावर अवलंबून असते, आणि वाऱ्यात, धुळीत, खांबाखाली उभे राहून तो तसा कापणे सोपे नाही. कारखान्यात फेरूल घासून सिद्ध केलेले शेपटासारखे तुकडे मिळतात. असा तुकडा यंत्राने वितळवून तारेस जोडणे अधिक भरवशाचे ठरते. खर्च थोडा वाढतो, परंतु ज्या गावातील दाखले, शाळा व आरोग्य उपकेंद्र एकाच तारेवर अवलंबून आहेत तेथे ही काटकसर करू नये, असे वाटते.

काम पूर्ण झाल्यावर ग्रामसेवकाने तंत्रज्ञाकडून एक आकडा मागून घ्यावा, तो म्हणजे यंत्रापाशी पोहोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती. ती एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजतात व बहुधा ऋण चिन्हाने सांगतात. वरील हिशेबाप्रमाणे केंद्रातून धन ३ निघाले तर कार्यालयात ऋण १९ च्या आसपास यावे. ऋण २७ च्या खाली गेले की या जातीचे यंत्र ऐकेनासे होते. हा आकडा, तारीख आणि कोणत्या रंगाचे टोक बसविले ते एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावे. पुढे तक्रार उद्भवली की पुन्हा मापून तो आकडा या कागदाशी ताडून पाहता येतो. एकाएकी तीन-चारांची घसरण दिसली आणि रस्त्यावर खोदाई झालेली नसली, तर आधी टोके पुसून पाहावीत व मगच केबलचा शोध घ्यावा.